इरॅस्मसचं चित्र आणि त्यावरचा दाखला

चित्राखाली नाव छापलं म्हणजे चेहरा त्याच माणसाचा, असं नसतं. आपल्याकडे इब्राहिमखानाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं आणि वा. सी. बेंद्रे यांनी ती चूक उघड केली, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. युरोपातल्या छापील चित्रांतही सुरुवातीला असाच घोळ होता.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात १४९३ मध्ये आंटोन कोबर्गरने हार्टमान शेडेलचा जगाचा इतिहास छापला. त्यात चित्रं १८०० च्या वर, पण लाकडी ठसे साधारण ६४५. म्हणजे तेच ठसे फिरून फिरून वापरलेले. एका पानावरचा तत्त्वज्ञ पुढे दुसऱ्याच नावाने भेटतो! त्या वाचकांना ही फसवणूक वाटत नसावी. 'इथे एक विद्वान आहे' एवढीच ती खूण.

याच कोबर्गरचा धर्मपुत्र आल्ब्रेख्त ड्यूरर. त्याने १५२६ मध्ये इरॅस्मसचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. आकार सुमारे २५ गुणिले १९ सेंटीमीटर. इरॅस्मस उभ्यानेच मेजावर लिहितोय, एका हातात लेखणी, दुसऱ्यात दौत, पुढे जाडजूड ग्रंथ. पण माझी नजर जाते ती मागच्या मोठ्या पाटीवर. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की ही इरॅस्मसची प्रतिमा ड्यूररने जिवंत माणसावरून रेखाटली. खाली ग्रीकमध्ये, याहून चांगली प्रतिमा त्याचे ग्रंथच दाखवतील, अशा अर्थाची ओळ. मग साल आणि ड्यूररची सही. मी इंजिनिअर, मला हा थेट ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला तक्ताच वाटतो: कोणाचं, कोणी केलं, कशावरून, कधी. छापताना सगळं उलटं उमटतं, म्हणून ही अक्षरं पत्र्यावर उलटीच कोरावी लागली. इतक्या खटाटोपाने दिलेला हा दाखला आहे.

आणि गंमत म्हणजे तो दाखलाच कच्चा आहे. दोघांची भेट झाली होती १५२०-२१ मध्ये, ड्यूरर नेदरलँड्सच्या प्रवासात असताना. तेव्हाचं १५२० चं कोळशाचं रेखाटन आज लूव्हरमध्ये आहे. पत्रा कोरला तो पाचेक वर्षांनी, इरॅस्मस समोर नसताना. ग्रीक ओळही नवी नव्हती. क्वेंटिन मासाइसने १५१९ मध्ये केलेल्या इरॅस्मसच्या पदकावर ती आधीच होती. ते पदक इरॅस्मसने न्यूरेंबर्गच्या पिर्कहायमरला, म्हणजे ड्यूररच्या जवळच्या मित्राला, पाठवलं होतं.

हे चित्र व्हावं म्हणून इरॅस्मसच मागे लागला होता. हातात आल्यावर मात्र त्याने पिर्कहायमरला कळवलं की चेहरा जुळत नसेल तर नवल नाही, पाच वर्षांपूर्वीचा मी आता राहिलेलो नाही.

त्याच वर्षी ड्यूररने फिलिप मेलांख्थोनलाही तांब्यावर कोरलं. तो न्यूरेंबर्गला येऊन गेला होता, ड्यूररने त्याला नुकतंच पाहिलं होतं. तिथल्या पाटीवरचा दावा मोजका आहे: चेहरा काढता आला, मन नाही.