पैसे पल्ल्यासाठी मोजा, उजेडासाठी नको

आपल्या मंडळात गणेशोत्सवाचे आणि सहलींचे फोटो काढता काढता कुणाकुणाला मोटार शर्यतींचाही नाद लागतो. मग घरात एक प्रश्न उभा राहतो: लेन्स कोणती घ्यायची? ‘एकदाच घ्यावी, पण चांगली घ्यावी’ ही आपल्याकडची शिकवण. तिला स्मरून तरुण मुले हजारो पौंडांची लेन्स हप्त्यांवर घ्यायला निघतात, आणि निवृत्तिवेतनावर जगणारे आमच्यासारखे लोक किमती पाहून नादच सोडतात. दोघांनीही थोडे थांबावे. महाग लेन्समध्ये आपण नेमके कशाचे पैसे मोजतो, ते आधी पाहू.

लेन्सवरचा 2.8 किंवा 6.3 हा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. 400 मिलिमीटरच्या लेन्सला 2.8 हवे असेल, तर छिद्र सुमारे 143 मिलिमीटरचे लागते, 6.3 चालणार असेल, तर 63 पुरते. मोठ्या छिद्रातून पाचपट उजेड येतो, पण तेवढी मोठी काच घडवायला खर्चही तसाच येतो. अशी नवी लेन्स दहा हजार पौंडांच्या पुढे जाते आणि वजन तीन किलोच्या आसपास भरते. संध्याकाळचे पक्षी किंवा बंदिस्त सभागृहातले खेळ टिपणाऱ्याला तो उजेड लागतोच. पण शर्यतीला?

जरा हिशेब करू. ताशी 180 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला 50 मीटर जाते. शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडे राहिले, तर गाडी तेवढ्यात 5 सेंटिमीटरच सरकते. चाके जवळजवळ थांबलेली दिसतात आणि गाडी वाहनतळावर उभी असल्यासारखी वाटते. म्हणून जाणकार 1/125 ते 1/250 सेकंद ठेवतात आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवतात. यालाच पॅनिंग म्हणतात. गाडी स्पष्ट येते, चाके फिरताना दिसतात, मागचे दृश्य रेषारेषांचे होते. आता गंमत पाहा. आयएसओ 100 आणि 1/125 सेकंद ठेवले, तर लख्ख उन्हात छिद्र 16 पर्यंत लहान करावे लागते. आपल्या नेहमीच्या ढगाळ ब्रिटिश दुपारीही साधारण 5.6 पुरते. म्हणजे 2.8 साठी मोजलेले पैसे दिवसभर पिशवीतच राहतात.

लागतो तो पल्ला. त्याचेही गणित सोपे आहे: गाडीची लांबी गुणिले नाभीय अंतर, भागिले गाडीपर्यंतचे अंतर. साडेचार मीटरची गाडी 60 मीटरवरून 300 च्या लेन्सने टिपली, तर सेन्सरवर साडेबावीस मिलिमीटरची प्रतिमा पडते. एपीएस-सी या लहान सेन्सरची रुंदी जवळपास तेवढीच असते, म्हणजे चौकट भरली. फुल-फ्रेम सेन्सर 36 मिलिमीटर रुंद असतो. तिथे तीच गाडी चौकटीच्या दोन तृतीयांशाहून कमी जागा व्यापते. तेव्हा बजेट कमी असेल, तर लहान सेन्सरचा कॅमेरा हा मित्रच समजावा.

केंटमधल्या ब्रँड्स हॅचला, पॅडॉक हिल किंवा ड्रुइड्सच्या वळणाजवळ, 300 वर काम भागते. सिल्व्हरस्टोनला रस्त्यालगत मोकळ्या जागा मोठ्या, त्यामुळे 400 बरी.

अगदी कमी खर्चात कॅननची 55-250 एसटीएम किंवा निकॉनची एएफ-पी 70-300 पाहा. थोडे अधिक पैसे असतील, तर सिग्मा किंवा टॅमरॉनची 100-400 घ्यावी. दोन्ही 2017 साली आल्या आणि दोन्हींचे वजन सव्वा किलोच्या आत आहे. 150-600 च्या लेन्स मोहात पाडतात, पण दोन किलो दिवसभर फिरवायचे आहेत. आधी खांद्याला विचारा!

विकत घेताना तीन गोष्टी तपासा. एक, फोकसची मोटर चपळ आहे का. जुन्या स्वस्त लेन्स इथेच मार खातात. दोन, कंप रोखणाऱ्या यंत्रणेत पॅनिंगची सोय आहे का. कॅनन आणि सिग्माच्या अनेक लेन्सवर ती ‘मोड 2’ असते. ती आडव्या हालचालीला अडवत नाही, फक्त उभा थरथराट रोखते. तीन, वापरलेली लेन्स असेल, तर टॉर्चच्या उजेडात आतली काच पाहा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात काचेवर धरणारी बुरशी आपल्याला ठाऊक आहे. इथल्या दमट कपाटांतही ती धरते. हमी आणि परतीची मुदत देणाऱ्या दुकानातूनच घ्यावी. पल्ला दुप्पट करणारा कन्व्हर्टर मात्र टाळा: 5.6 चे थेट 11 होते, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस तिथे हात टेकतो.

एक अपवाद सांगायलाच हवा. ल माँसारख्या चोवीस तासांच्या शर्यतीत रात्रीचे फोटो हवे असतील, तर मोठ्या छिद्राला पर्याय नाही. पण तेवढ्यासाठी लेन्स दोन दिवस भाड्याने मिळते.

उरलेल्या पैशांतून क्लब शर्यतींची तिकिटे काढा, कारण पॅनिंग सरावानेच येते. त्याआधी घराजवळच्या रस्त्यावर सुरक्षित जागी उभे राहा, 1/125 सेकंद ठेवा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे शंभर फोटो काढा. कमरेपासून वळा, आणि बटण दाबल्यावरही फिरणे थांबवू नका. शंभरांत दहा नीट आले, तरी सुरुवात चांगली झाली म्हणायची.