नागरी शेती : उपलब्धता आणि प्राप्यता

नगरांच्या अन्नव्यवहाराचे विवेचन करताना ‘उपलब्धता’ आणि ‘प्राप्यता’ या दोन संज्ञा पुष्कळदा समानार्थी म्हणून योजिल्या जातात. वस्तुतः त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. भाजी नगरात असणे ही उपलब्धता होय. ती अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास आपल्या वस्तीजवळ व परवडणाऱ्या दरात मिळणे ही प्राप्यता होय. पहिलीवरून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही. नगराने शेतीला उत्तेजन कसे द्यावे, या प्रश्नाचे उत्तर या भेदाशी निगडित आहे. क्यूबातील हवाना व ब्राझीलमधील बेलो ओरिझोंती या दोन नगरांच्या अनुभवावरून हे स्पष्ट होईल.

सोव्हिएत गटाशी असलेला क्यूबाचा व्यापार १९८९ ते १९९१ या काळात कोसळला. खनिज तेल, रासायनिक खते व कीटकनाशके यांची आयात एकाएकी आटली. खेड्यात पिकलेला माल नगरात आणण्यासही पुरेसे इंधन उरले नाही. अशा स्थितीत हवानाच्या रहिवाशांनी रिकाम्या जागांत भाजीपाला लावण्यास आरंभ केला. शासनाने या प्रयत्नास व्यवस्थेचे रूप दिले, व १९९४ साली नागरी शेतीसाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. कसू इच्छिणाऱ्यास मोकळी सरकारी जमीन विनामूल्य देण्यात आली. मालकी राज्याकडे राहिली, उपभोग मात्र कसणाऱ्याकडे गेला. या हक्काचे स्पॅनिश नाव ‘वापर’ आणि ‘फळ’ या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांपासून आले आहे. मराठीतील ‘वहिवाट’ हा शब्द त्याच्या बराच जवळ येतो.

‘ऑर्गानोपोनिको’ हा तेथील पारिभाषिक शब्दही उद्बोधक आहे. मातीविना, रासायनिक द्रावणावर रोपे वाढविण्याच्या पद्धतीच्या नावातील ‘जल’वाचक पूर्वपद काढून त्या जागी ‘सेंद्रिय’वाचक पद घातल्याने तो सिद्ध झाला. शब्दाप्रमाणेच वस्तूही बदलली. रसायनांअभावी निरुपयोगी ठरलेल्या वाफ्यांत माती व कुजलेले खत भरण्यात आले. कडेने बांध घातलेले असे वाफे निकृष्ट किंवा फरसबंद जमिनीवरही उभारता येतात. माल बहुधा मळ्याच्या दाराशीच विकला जाई. त्यामुळे वाहतुकीचा प्रश्नच उद्भवत नसे.

तथापि या यशाची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. नागरी मळ्यांनी भाजीपाला दिला, मुख्य धान्य दिले नाही. क्यूबाला आजही आपल्या अन्नाचा मोठा भाग आयात करावा लागतो.

बेलो ओरिझोंतीने प्रश्नाला दुसऱ्या टोकाकडून हात घातला. १९९३ साली, पात्रूस अनानियास हे महापौर असताना, तेथील नगरपालिकेने अन्न हा नागरिकाचा हक्क मानून अन्नपुरवठ्याचे स्वतंत्र खाते निर्माण केले. आसपासच्या लहान शेतकऱ्यांना नगरात विक्रीच्या ठराविक जागा देण्यात आल्या. त्यामुळे मध्यस्थ दूर झाले. काही विक्रेत्यांना मोक्याच्या सार्वजनिक जागा देताना नगरपालिकेने दोन अटी घातल्या : ठराविक जिनसा नेमून दिलेल्या दरानेच विकाव्यात, आणि नगराच्या सीमेवरील गरीब वस्त्यांतही माल न्यावा. यांच्या जोडीला स्वस्त भोजनालये, शालेय भोजन व शाळांतील भाजीचे मळे होते. २००९ साली या धोरणास आंतरराष्ट्रीय पुरस्कार लाभला.

दोन्ही उदाहरणे एकत्र पाहिली असता नगराच्या कर्तव्याचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम जमिनीचा निर्धास्त उपभोग हवा. पुढील वर्षी जागा हाती राहील याची शाश्वती नसेल, तर माती सुधारण्याचे कष्ट कोणी घेणार नाही. त्यानंतर माती व पाणी यांची परीक्षा हवी, कारण कारखान्यांच्या जुन्या जागांत शिसे आणि नाल्यांच्या पाण्यात रोगजंतू असण्याचा संभव असतो. परंतु एवढ्याने केवळ उपलब्धता साधेल. प्राप्यतेसाठी विक्रीची जागा, दर आणि वस्तीपर्यंतचे अंतर यांवर नगराचे लक्ष असावे लागते. अन्यथा गरिबाने पिकविलेली भाजी संपन्न वस्तीतच संपेल.

मराठीतील ‘परसबाग’ हा शब्द घरामागे परस आहे असे गृहीत धरतो. चाळीतील वा झोपडवस्तीतील कुटुंबाजवळ शब्द आहे, परस नाही. ते परस सार्वजनिक जमिनीतून निर्माण करणे, हाच नागरी शेतीच्या धोरणाचा खरा आरंभ होय.