सत्तरीत निवृत्त, एक्याऐंशीत सर्वोत्तम

अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग (१८६२–१९६५). जन्म न्यू जर्सीतला. येल विद्यापीठात गेले ते धर्मोपदेशक व्हायला. पण प्रवचन काही जमेना. मैदान मात्र जमलं. बेसबॉलमध्ये नावाजलेले पिचर, आणि १८८९च्या पहिल्यावहिल्या ‘ऑल-अमेरिका’ फुटबॉल संघातही निवड. (हा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावायचा अमेरिकी खेळ.) झेप घालून प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचा सराव करायचा, तर रोज एखाद्या मित्राची हाडं कशाला मोडा? स्टॅगनी गादीची गुंडाळी केली आणि तिच्यावर झेपा घ्यायला लावल्या.

पुढे स्टॅग स्प्रिंगफील्डला शिक्षक झाले. तिथेच मार्च १८९२मध्ये बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना झाला, विद्यार्थी विरुद्ध शिक्षक. शिक्षक ५–१ने हरले. तो एकुलता एक गोल स्टॅगांचा!

त्याच वर्षी ते फुटबॉल प्रशिक्षक म्हणून शिकागो विद्यापीठात आले आणि ४१ हंगाम तिथेच राहिले. सत्तरी गाठल्यावर विद्यापीठाने नियमावर बोट ठेवून त्यांना निवृत्त केलं. घरी बसतील ते स्टॅग कसले! कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये नवा डाव मांडला आणि १९४३ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, ‘वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक’ ठरले. पुढे मुलाच्या जोडीने आणखी काही हंगाम.

शिकागोने १९३९मध्ये फुटबॉलच बंद केला. ओस पडलेल्या, स्टॅगांच्याच नावाच्या ‘स्टॅग फील्ड’ मैदानाच्या प्रेक्षक-सज्जाखालच्या रॅकेट्स कोर्टात २ डिसेंबर १९४२ रोजी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली.