आकड्यांना चित्राची साथ

एक हजार मुलांमागे ८८२ मुली. शून्य ते सहा वर्षे वयोगटातील लिंग-गुणोत्तराची ही हिंगोली जिल्ह्याची नोंद २०११ च्या जनगणनेतील आहे. २००१ मध्ये हाच आकडा ९२७ होता. बातमीत हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापले, तर बहुतेक वाचक ते वाचून पुढे सरकतात. दोन्ही आकडे हजाराच्या आसपासचेच. मग दहा वर्षांत नेमके काय बिघडले, हे नुसत्या अंकांवरून मनावर ठसत नाही. अशा वेळी आलेख, नकाशा आणि माहितीचित्र यांचे महत्त्व कळते.

मात्र चित्र काढले म्हणजे अर्थ आपोआप उलगडतो, असे नाही. या दोन आकड्यांचे स्तंभ शून्यापासून काढले, तर त्यांच्या उंचीत जेमतेम पाच टक्क्यांचा फरक दिसतो आणि पाहणारा निश्चिंत होतो. याउलट उभा अक्ष ८७० पासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढाच उरतो. जणू मुलींची संख्याच कोसळली असा भास होतो. आकडे तेच, पण एक चित्र सत्य झाकते, तर दुसरे ते फुगवते.

यावर उपाय आहे तो योग्य तुलनेचा. निसर्गतः १०० मुलींमागे साधारणपणे १०५ मुलगे जन्माला येतात. म्हणजेच हजार मुलांमागे सुमारे ९५० मुली असणे अपेक्षित असते. आलेखात ९५० ची एक आडवी रेघ ओढली, की चित्र बोलू लागते. २००१ मध्ये या रेघेपासूनची तूट २३ होती, २०११ मध्ये ती ६८ झाली. गर्भलिंग निदानाला प्रतिबंध करणारा कायदा १९९४ मध्येच संमत झालेला असताना ही तूट जवळपास तिप्पट व्हावी, यातील गांभीर्य त्या एका रेघेमुळे सामान्य वाचकापर्यंत पोहोचते.

हेच तत्त्व गावपातळीवरही वापरले गेले आहे. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' अभियानात ग्रामपंचायतीसमोर 'गुड्डा-गुड्डी' फलक लावण्याची कल्पना पुढे आली. गावात किती मुलगे व किती मुली जन्मल्या, हे त्यावर सर्वांसमक्ष मांडले जाते. जळगाव जिल्ह्यात या फलकाचे डिजिटल रूप साकारले. अर्थात, लहान गावातील एका महिन्याचा आकडा पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. एखाद्या महिन्यात चार मुलगे आणि दोन मुली जन्मल्या, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. कल समजण्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र पाहाव्या लागतात.

काही मोजमापे तर चित्राविना हमखास गैरसमज निर्माण करतात. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे हिंगोली परिसरात सुमारे दहा मिनिटांच्या अंतराने भूकंपाचे दोन धक्के बसले. त्यांची तीव्रता अनुक्रमे ४.५ आणि ३.६ नोंदली गेली. वाचताना फरक किरकोळ वाटतो. पण हे मापन घातांकी पद्धतीचे असते. एका अंकाच्या फरकाने मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पटींनी बदलते. त्या हिशेबाने पहिल्या धक्क्याची ऊर्जा दुसऱ्याच्या वीसपटींहून अधिक होती. नकाशावर या प्रमाणातील क्षेत्रफळाची दोन वर्तुळे काढली, तर गणित न मांडताही ते कळते.

चित्राची ही ताकद नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये रंगीत पाकळ्यांच्या आकृतीतून दाखवून दिले, की क्रिमियाच्या युद्धात बहुसंख्य ब्रिटिश सैनिक जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी मृत्युमुखी पडले. सरकारदरबारी सुधारणांचा आग्रह धरताना त्यांनी अशाच आकृत्यांचा आधार घेतला.

म्हणूनच आलेख पाहताना चार गोष्टी तपासणे हिताचे ठरते: अक्ष कोठून सुरू होतो, तुलना कशाशी केली आहे, नोंदी किती मोठ्या संख्येवर आधारलेल्या आहेत आणि त्या कोणत्या वर्षाच्या आहेत. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना लांबणीवर पडल्याने अखेरचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. ८८२ हा आकडा २०११ चा आहे, हे चित्रात ठळकपणे लिहिलेले नसेल, तर जुनी स्थितीच आजची म्हणून वाचली जाईल.