बोटावरचा आकडा आणि रक्तांतला प्राणवायु

परिचारिकेचें काम घरंदाज मुलींस शोभणारें नाहीं, असें मत आपल्या समाजांत एके काळीं सरसकट रूढ होतें. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन सुरू केलें आणि पुढें तेथील विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत शुश्रूषेचें शिक्षण घेऊं लागल्या, तेव्हां त्या मतास धक्का बसला. आज आपल्यांपैकीं कोणाची भाची, कोणाची सून या शिक्षणांत आहे. त्यांच्या अभ्यासांतील एक विषय मात्र घरांतल्या वडीलधाऱ्यांनींहि समजून घ्यावा, असें आम्हांस वाटतें. हृदय आणि फुप्फुसें मिळून शरीरास प्राणवायु कसा पोंचवितात, हा तो विषय.

पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेच्या कांठीं वसलेलें खराडी घ्या. एके काळचें हें शेतकऱ्यांचें खेडें आज उंच इमारतींचें उपनगर झालें आहे. २०२१ सालीं कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत बोटास लावावयाचा ऑक्सिमीटर पुण्यांतील इतर भागांप्रमाणें येथीलहि अनेक घरांत आला आणि पुढें औषधांच्या कपाटांत राहिला. कोणास दम लागला कीं तो बोटास लावावा, ९८ आकडा दिसला कीं निर्धास्त व्हावें, अशी रीत पडून गेली. हा निर्धास्तपणा कितपत खरा, हें कळण्यासाठीं प्राणवायूचा प्रवास पायरीपायरीनें पाहिला पाहिजे.

पहिली पायरी हवेची. हवेंत सुमारें २१ टक्के प्राणवायु असतो. खराडी समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंच असल्यामुळें तेथील हवेचा दाब मुंबईच्या मानानें सुमारें सहा टक्के कमी भरतो. निरोगी माणसास हा फरक जाणवत नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

दुसरी पायरी फुप्फुसांची. श्वासाबरोबर आंत आलेली हवा श्वासनलिकेच्या फांद्याउपफांद्यांतून वायुकोशांत शिरते. या कोशांची संख्या तीस ते पन्नास कोटींच्या घरांत आहे. ते सर्व उलगडून पसरले तर सुमारें सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. हवा आणि रक्त यांमधील पडदा येथें मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि पातळ असतो. हृदयाच्या उजव्या बाजूनें पाठविलेलें काळसर रक्त या कोशांभोंवतींच्या केशवाहिन्यांतून जातें. रक्तपेशीस तेथून पुढें सरकण्यास जेमतेम पाऊण सेकंद लागतो, आणि त्याच्या पहिल्या तृतीयांशांतच ती प्राणवायूनें भरून निघते. उरलेला वेळ म्हणजे निसर्गानें ठेवलेली शिल्लक. न्यूमोनियांत वायुकोश द्रवानें भरले म्हणजे ही शिल्लक आटते. रोगी प्रथम चार पावलें चालतांना व पुढें पडल्यापडल्याहि धापा टाकूं लागतो.

तिसरी पायरी रक्ताची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. शंभर मिलिलिटर रक्तांत नुसता विरघळलेला प्राणवायु अवघा ०.३ मिलिलिटर असतो. तेवढ्यावर कोणी जगणार नाहीं. बाकीचें सारें ओझें तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन वाहतें. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारें १.३४ मिलिलिटर प्राणवायु धरून ठेवतें. फुप्फुसांत प्राणवायूचा दाब थोडा उतरला तरी तें आपलें ओझें फारसें सोडीत नाहीं, आणि म्हणूनच खराडीच्या उंचीनें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु आकडा ९० च्या खालीं गेला कीं मात्र तो झपाट्यानें घसरतो. उलट श्रम करणाऱ्या स्नायूंत, जेथें उष्णता व आम्लता वाढलेली असते, तेथें तेंच हिमोग्लोबिन सढळ हातानें प्राणवायु देऊन टाकतें.

चौथी पायरी हृदयाची. त्याची डावी बाजू विश्रांतीच्या स्थितींत दर मिनिटास सुमारें पांच लिटर रक्त सर्वांगास पाठविते. आतां थोडें गणित करूं. शंभर मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन १५ ग्रॅम असेल, तर त्यांत सुमारें २० मिलिलिटर प्राणवायु मावतो. म्हणजे मिनिटास एक लिटर प्राणवायु शरीरास मिळतो. स्वस्थ पडलेल्या माणसाचा खर्च सुमारें २५० मिलिलिटर. आतां हिमोग्लोबिन साडेसातच ग्रॅम आहे असें समजा. मिळकत एकदम निम्म्यावर आली. पण बोटावरचा आकडा पूर्वीइतकाच, ९८!

असें कां व्हावें? जपानमधील ताकुओ आओयागी यांनीं १९७४ सालीं ज्या तत्त्वाचा शोध लावला, त्यावर हें यंत्र चालतें. बोटांतून दोन प्रकारचा प्रकाश पाठवून, आहे त्या हिमोग्लोबिनपैकीं शेंकडा किती भरलेलें आहे, एवढेंच तें सांगतें. बाजारास आलेल्या गाड्या भरलेल्या आहेत कीं रिकाम्या, हें त्यास कळतें. मुळांत गाड्या किती आल्या, हें कळत नाहीं. हृदय थकून रक्त मंदपणें फिरत असेल, तर गाड्या भरलेल्या असूनहि वाटेंत रेंगाळतात. हिवाळ्यांत दारेंखिडक्या लावून खोलींत कोळशाची शेगडी ठेवली, तर तिच्या विषारी वायूनें भरलेल्या गाड्याहि हें यंत्र प्राणवायूच्याच समजतें. माणूस गुदमरत असतां आकडा उत्तम दिसतो. नखांस गडद रंग असला किंवा हात गारठलेले असले, तरीहि तो फसवा येऊं शकतो.

यांत सर्वांत अधिक हानि आपल्या गृहिणींची होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय आढळला. मोठ्या कुटुंबांत सर्वांचीं पानें उठल्यावर जेवणारी सून जिना चढतांना थांबते, तिची छाती धडधडते, आणि 'हल्लींच्या मुलींत ताकदच नाहीं' असा शेरा तिला ऐकावा लागतो. वस्तुतः कमी पडलेला प्राणवायु पुरविण्यासाठीं तिचें हृदय दुप्पट राबत असतें. ऑक्सिमीटर लावून तिला निरोगी ठरविणें हा तिच्यावर अन्याय आहे. तिला रक्ततपासणी, वैद्यकीय सल्ल्यानें लोहाचें औषध आणि वेळेवर पोटभर जेवण हवें.

म्हणून शुश्रूषा शिकणाऱ्या आमच्या भगिनींस आमचें सांगणें इतकेंच कीं, यंत्र जरूर लावा, परंतु रोग्याकडेहि पाहा. त्याचा श्वास पुरा एक मिनिट मोजा. नाडी हातानें पाहा. खालची पापणी ओढून आंतील लाली तपासा. ओठ निळसर आहेत काय, हातपाय गार आहेत काय, लघवी कमी झाली आहे काय, बोलण्यांत भ्रम आहे काय, हें टिपून ठेवा. प्राणवायु देण्याचें प्रमाण डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेंच ठेवा. फुप्फुसांचे कांहीं जुनाट रोग असणाऱ्यांस आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान राखणेंच हितावह असतें, व अधिक प्राणवायूनें त्यांस अपायहि होऊं शकतो.

आणि वडीलधाऱ्यांनीं आकडा चांगला दिसला तरी, दम कां लागतो, हा प्रश्न सोडूं नये. हवा, फुप्फुस, रक्त आणि हृदय या चारांपैकीं कोठें अडलें आहे, याचें उत्तर मिळेपर्यंत तपास पुरा झाला असें मानूं नये.