गाडीचे ऑइल गळते आहे? आधी उगम शोधा



सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला येणारे असोत, की परंडा तालुक्यातून बार्शीच्या बाजाराला जाणारे असोत, आता बऱ्याच घरांत बोलेरो, सुमो यांसारखी डिझेलवर चालणारी मोठी गाडी आहे. घरची माणसे तिच्यातच बसतात आणि खताची पोतीही तिच्यातच येतात. बैलाच्या खुराला जरा सूज आली तर ती आपल्या लगेच ध्यानात येते. पण गाडीखाली काळा डाग दिसला, तर “जुनी गाडी आहे, गळायचंच” असे म्हणून आपण पुढे जातो. हे बरे नव्हे. चालू इंजिनातून सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर तासाभरात ३,६०० थेंब होतात. म्हणजे शंभर मिलिलिटरच्या पुढे ऑइल गेले. ऑइल संपले की बेअरिंग कोरडे पडते, इंजिन जाम होते, आणि मग खर्च हजाराच्या हिशेबात राहत नाही.

पहिले काम, गळते आहे ते काय आहे हे ओळखा. रात्री गाडी सपाट जागेवर उभी करून खाली मोठा पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग बघा. डिझेल इंजिनाचे ऑइल काळे आणि बुळबुळीत असते. गिअरचे ऑइल जास्त दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हिरवट किंवा गुलाबी पाणी असेल तर ते रेडिएटरचे. नुसते स्वच्छ पाणी एसीचे असते, त्याची काळजी नको. डाग चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर ते ब्रेक ऑइल असू शकते. मग गाडी जागची हलवू नका, मिस्त्रीला घरी बोलवा.

काही गळती मात्र उभ्या गाडीत दिसतच नाही. इंजिन चालू असतानाच ऑइलला दाब असतो, म्हणून फिल्टरपाशी किंवा ऑइलच्या पाइपाला असलेली गळती फक्त चालत्या गाडीत होते. पुठ्ठा कोरडा, पण पट्टीवर ऑइल कमी, असे झाले तर हा संशय धरा. निळा धूर येत असेल तर ऑइल गळत नाही, आत जळते आहे.

आता मुख्य गोष्ट. ऑइल जिथे टपकते तिथे ते बहुधा फुटलेले नसते. ते वरून खाली ओघळते आणि गाडीच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यावर आपल्या काळ्या रानातली धूळ बसते, आणि सगळा खालचा भाग एकसारखा काळा दिसतो. मग कोणी सांगतो, “मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरावा लागेल.” हे काम मोठे आणि महागाचे आहे. खरे कारण पुष्कळदा वरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात असते. तिथले पॅकिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालेले असते आणि ऑइल तिथून गिअरबॉक्सच्या तोंडापर्यंत उतरते. म्हणून गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी एवढे करा.

इंजिन पूर्ण थंड असताना ब्रशने थोडे रॉकेल किंवा डिझेल लावून मळी सोडवा, मग साबणाच्या पाण्याने पुसा. पेट्रोल वापरू नका. डायनॅमो आणि वायरींचे जोड प्लॅस्टिकने झाका. कोरडे झाल्यावर संशयाच्या जागी अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरा. दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि बॅटरीच्या उजेडात वरून खाली बघत चला. पावडरवर ओली रेघ जिथे सुरू होते, ती सर्वांत वरची जागा म्हणजे उगम.

सील बदलण्याआधी ब्रीदर तपासायला विसरू नका. इंजिनातली वाफ बाहेर जायची ही नळी मळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि तो ऑइलला दिसेल त्या फटीतून बाहेर काढतो. अशा वेळी नवे सीलही टिकत नाही. नळी साफ असूनही, गाडी उभी चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण सैल केल्यावर ते उड्या मारत असेल आणि धुराचे लोट येत असतील, तर रिंगा झिजल्या आहेत. तिथे पॅकिंगवर पैसे घालू नका.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलताना जुने पॅकिंग लाकडी पट्टीने खरवडा, पात्याने नको. बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे आणि आळीपाळीने आवळा. जास्त जोर लावला तर पॅकिंग चेपून बाहेर येते. काही जण वरून सिलिकॉन पेस्टचा थर देतात. त्याचे तुकडे आत पडून चेंबरमधली ऑइल पंपाची जाळी बंद होऊ शकते. गळती थांबते आणि इंजिन मरते.

फिल्टर बदलल्यावर लगेच गळू लागले, तर जुन्या फिल्टरचे रबर तिथेच चिकटून राहिले का ते बघा. नव्या रबराला ऑइलचे बोट लावून फिल्टर हाताने टेकवा आणि मग सुमारे पाऊण फेरा द्या, बस्स. खालच्या ड्रेन बोल्टला दर वेळी नवा वायसर घाला. उसाच्या रानातल्या बांधावर चेंबर आपटले असेल तर त्याला तडा आहे का तेही पाहा.

पट्टी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघा. “असू द्या थोडं जास्त” म्हणून वरच्या खुणेपलीकडे भरू नका, कारण जादा ऑइलनेही गळती होते. चालताना ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथेच इंजिन बंद करा. गाव दोन किलोमीटरवर असले तरी बंदच. सायलेन्सरच्या तापल्या नळीवर किंवा टर्बोवर ऑइल पडून जळका वास येत असेल, तर आगीचा धोका आहे. अशा गाडीत पोराबाळांना बसवू नका.

काढलेले जळके ऑइल ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. काम झाल्यावर आठवडाभर रोज सकाळी पट्टी बघा आणि गाडीखाली तोच पुठ्ठा, उलटी बाजू वर करून, पुन्हा अंथरा.