चंद्र पडतो, पण पोहोचत नाही

चंद्र पृथ्वीभोवती सेकंदाला साधारण एक किलोमीटर या वेगाने फिरतो. पृथ्वीची ओढ अचानक नाहीशी झाली तर तो सरळ रेषेत निघून जाईल आणि पहिल्या सेकंदाअखेर पृथ्वीपासून सुमारे १.४ मिलिमीटर अधिक लांब असेल. प्रत्यक्षात त्याच सेकंदात तो पृथ्वीकडे तेवढाच, १.४ मिलिमीटर, पडतो. ३,८४,४०० किलोमीटर अंतराची सगळी गोष्ट या दीड मिलिमीटरहून कमी अंतरात सामावली आहे.

न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त (१६८७) हाच हिशेब मांडला. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून साठ त्रिज्या दूर, म्हणून तिथली ओढ जमिनीवरच्या ओढीच्या ३,६००व्या हिश्शाएवढी. झाडावरून सुटलेले फळ पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते. चंद्राला तेवढेच पडायला एक मिनिट लागते. गुरुत्वाकर्षण आणि केंद्रापसारी बल एकमेकांना तोलून धरतात, हे शाळेत हमखास मिळणारे उत्तर इथे दिशाभूल करते. बाहेरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने चंद्रावरची बले खरोखर तोलली गेली असती, तर त्याची वाट वळलीच नसती.

सूर्य चंद्राला पृथ्वीच्या दुपटीहून अधिक जोराने ओढतो. तरी चंद्र पळवला जात नाही, कारण पृथ्वीलाही सूर्य जवळजवळ तसाच ओढतो आणि दोघे मिळून सूर्याभोवती पडत राहतात. फरक पडतो तो दोन ओढींमधल्या किंचित तफावतीने. उपग्रह धरून ठेवण्याची पृथ्वीची हद्द सुमारे पंधरा लाख किलोमीटरपर्यंत जाते. चंद्र त्याच्या चौथाई अंतरावर, म्हणजे बराच आत आहे.

ही कक्षा किती काटेकोरपणे मोजता येते, हे अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतील अपाचे पॉइंट वेधशाळेत दिसते. तिथल्या साडेतीन मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून हिरव्या लेसरचे सेकंदाला वीस झोत चंद्राकडे सुटतात. रोख असतो अपोलो ११, १४ आणि १५ च्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या आणि सोव्हिएत लुनोखोद गाड्यांवर बसवलेल्या परावर्तकांवर. वातावरणामुळे झोत पसरतो आणि चंद्रावर पोचेपर्यंत त्याची रुंदी दोनेक किलोमीटर होते. परावर्तक मात्र जेमतेम एखाद्या बॅगेएवढा. परतीच्या वाटेवर प्रकाश आणखी विखुरतो. एका झोतातल्या कोट्यवधी अब्ज फोटॉनांपैकी दुर्बिणीत परततो सरासरी एखादाच, तोही अडीच सेकंदांनी. भटका प्रकाश टाळण्यासाठी संवेदक फक्त अपेक्षित क्षणापुरता उघडतात. शिवाय भरतीच्या ओढीने वेधशाळेखालची जमीनच काही डेसिमीटर वरखाली होते. तेही वजा करावे लागते, तेव्हा कुठे अंतर मिलिमीटरच्या अचूकतेने हाती लागते.

त्यातून ठरले आहे की चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो. पृथ्वी चंद्राच्या परिभ्रमणापेक्षा वेगाने स्वतःभोवती फिरते, त्यामुळे समुद्राच्या भरतीचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे राहतो आणि त्याला पुढे ओढतो. त्या ऊर्जेवर कक्षा रुंदावते. बदल्यात पृथ्वीचा दिवस कणाकणाने लांबतो.

मंगळाच्या फोबोस या उपग्रहाचे उलटे आहे. मंगळाचा दिवस साडेचोवीस तासांहून थोडा मोठा, पण फोबोस पावणेआठ तासांच्या आतच एक फेरी पूर्ण करतो. मंगळावरचा फुगवटा मागे राहून त्याला मागे खेचतो आणि कक्षा आवळत जाते. काही कोटी वर्षांत तो मंगळावर कोसळेल, किंवा त्याआधीच तुटून त्याचे कडे बनेल.